तिसरी हाक

"कट!" दिग्दर्शक इंगवले ओरडले आणि टेपवर चाललेले गाणे ओळीच्या मध्यावरच तुटले. "विश्राम, लेका, किती वेळा सांगू? तोंड डावीकडं वळवू नकोस. निम्मा चेहरा अंधारात जातोय."

मायक्रोफोनसमोर उभा असलेला विश्राम सुतार गोंधळून म्हणाला, "अण्णा, मी वळतच नाही हो."

"मग काय कॅमेरा वळतोय व्हय?"

सेटवर हशा पिकला. प्रकाशयोजना पुन्हा तपासण्यात आली, विश्रामच्या कपाळावरचा घाम टिपण्यात आला आणि टेप मागे नेण्यात आली. कोल्हापूरच्या त्या स्टुडिओत आम्ही पन्नासच्या दशकातील रेडिओ केंद्राची ध्वनिमुद्रणाची खोली उभी केली होती: भिंतींना नळीदार पडदे, कोपऱ्यात पायपेटी, आणि मध्यभागी पेल्याएवढ्या तोंडाचा, उंच दांड्यावरचा जुना मायक्रोफोन. त्या मायक्रोफोनला ओठ जवळजवळ टेकवून, शेजारच्या माणसाच्या कानात गुपित सांगावे अशा दबक्या, ओलसर आवाजात गाणारा नीळकंठ तेंडोलकर हा आमच्या चित्रपटाचा नायक होता. त्याच्यापूर्वीचे गवई सभागृहाच्या शेवटच्या रांगेसाठी गात. हा एका माणसासाठी गाई, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात तो एक माणूस आपणच आहोत असे कोणाला ना कोणाला वाटे. कीर्ती अगदी शिगेला असताना, एका दुपारी, तो घरातून बाहेर पडला आणि पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. त्या गोष्टीला तेव्हा अडतीस वर्षे झाली होती.

गाणे पुन्हा लागले. 'चांदण्याचे चार पैसे ठेव माझ्या ओंजळी.' विश्रामचे ओठ टेपवरच्या आवाजाशी काटेकोर जुळत होते. 'चार' हा शब्द संपला, आणि त्याची मान, कोणी हनुवटीला बोट लावून वळवावी तशी, हलकेच डावीकडे वळली.

"कट! आता काय करू ह्याला!"

"वळू द्या त्याला," मागून एक आवाज आला. "तो तिथं वळायचाच."

सगळ्यांनी मागे पाहिले. बोलल्या होत्या द्वारकाबाई, नीळकंठ तेंडोलकराच्या पत्नी. सत्तरी ओलांडलेली, सडसडीत, नऊवारी पातळातली ती बाई रोज सकाळी नऊला येऊन वेताच्या एका खुर्चीत बसे. त्यांच्या कपाळावर रुपयाएवढे ठसठशीत कुंकू असे. पतीवर चित्रपट काढायला संमती देताना त्यांनी दोन अटी घातल्या होत्या: प्रत्येक गाण्याच्या चित्रीकरणाला मी हजर राहीन, आणि चित्रपटात ह्यांना मारायचे नाही. पहिली अट इंगवल्यांनी आनंदाने मान्य केली होती. दुसरी मान्य केल्यासारखे दाखवले होते.

"तिथं ते श्वास घ्यायचे," द्वारकाबाई म्हणाल्या. "श्वास मायक्रोफोनला ऐकू जाऊ नये म्हणून तोंड वळवायचे. तुमच्या त्या तबकडीवर ऐका. तिथं श्वास सापडायचा नाही."

इंगवले माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही सांगितलंत हे विश्रामला?"

मी नव्हते सांगितले. या चित्रपटाचे संवाद मी लिहिले होते, आणि तत्पूर्वी दोन वर्षे नीळकंठ तेंडोलकराविषयी जे जे छापले, बोलले आणि मुद्रित केले गेले होते, ते मी तपासले होते. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, यांमधील सीमा मी नेहमीच जपत आलो आहे. ही मान वळवण्याची गोष्ट त्या सीमेच्या पलीकडची होती.

"योगायोग असेल," मी म्हणालो.

"योगायोग तर योगायोग," इंगवले म्हणाले. "दिवा डावीकडं घ्या रे. वळू दे बापडा."

जेवणाच्या सुट्टीत मी विश्रामला गाठले. गडहिंग्लजकडच्या हौशी नाटकांतून आलेला हा तिशीचा मुलगा एरवी मोठा बोलका होता. डबा खाताना त्याने दोन्ही गालांत भाकरी भरून माझ्या संवादांची नक्कल करावी आणि मी रागवावे, हा आमचा परिपाठ होता.

"खरं सांगू का, सर?" तो म्हणाला. "मी नुसता ओठ हलवत नाही. अण्णांनीच सांगितलंय, मोठ्यानं गा, नाहीतर गळ्याच्या शिरा खोट्या दिसतात. म्हणून मी गातो. आणि गाताना त्या ठिकाणी माझा दम संपतो. मग..." तो थांबला.

"मग?"

"मग तो कुठून तरी भरला जातो. मी घेत नाही. कुणीतरी घेतं."

"हे वाक्य कोणत्या नाटकातलं?"

तो हसला नाही. त्याने भाकरी तशीच डब्यात ठेवली आणि झाकण लावले.

*

इंगवल्यांशी माझा वाद मुख्यतः शेवटावरून होता, आणि तो रोज चाले.

"सर, प्रेक्षक तिकीट काढून उघडं दार बघायला येत नसतो," ते म्हणत. "त्याला शेवट लागतो. माणूस गेला म्हणजे गेला."

"गेला याला पुरावा काय?"

"अडतीस वर्षं! हा पुरावा न्हवं?"

"हा कालावधी आहे. कालावधी म्हणजे पुरावा नव्हे. आणि आपण बाईंना शब्द दिला आहे."

"तुम्ही दिला. मी नुसती मान हलवली."

बाईंनी तो शब्द कोणत्या निष्ठेने मागितला होता, हे मला ठाऊक होते. त्यांच्या घरी प्रथम गेलो तेव्हा भर दुपारी रस्त्यावरचे दार सताड उघडे होते. उन्हाळा असो, वादळ असो, ते दार कधीच लावले जात नसे. दिरांनी, भावांनी, गुरुजींनी त्यांची अनेकदा समजूत घातली होती. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या पानांचा पुतळा करावा आणि त्याला अग्नी द्यावा, असा शास्त्राने मार्ग सांगितलेला आहे. त्याला पालाशविधी म्हणतात. बाईंनी तो होऊ दिला नव्हता.

"जाताना काय म्हणाले ठाऊक आहे, मास्तर?" त्यांनी मला सांगितले होते. "येतो म्हणाले. आता सगळेच येतो म्हणतात, जातो कुणी म्हणत नाही, हे मलाही कळतं. मी वेडी नाही. पण शब्द तो शब्द. येतो म्हणालेल्या माणसाला मी पानांचा करून जाळायचा?"

तेव्हापासून मी त्यांच्या पक्षात होतो.

*

त्यानंतरच्या आठवड्यात विश्रामची बायको, शालन, आपल्या सात-आठ महिन्यांच्या मुलाला घेऊन सेटवर आली. ठसकेबाज, सावळी मुलगी. दोघांचे नाटकातच जुळले होते. मोकळ्या जागेत मांडवाखाली विश्राम पोशाख करून बसला होता: मलमलीचा सदरा, खांद्यावर उपरणे, मागे वळवलेले केस. शालनने लांबूनच हाक मारली, "विश्राम!"

द्वारकाबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या खुदकन हसल्या. "नावानं हाक मारतेस गं नवऱ्याला?"

"मग काय म्हणू आजी, ओ भाऊ म्हणू?"

"आम्ही जन्मात घेतलं नाही नाव. लग्नात एकदा, उखाण्यात. तेही सासूनं चिमटा काढला तेव्हा."

"एकदाच?" शालन म्हणाली. "मी तर दिवसाला शंभरदा घेते. त्यातल्या नव्वद वेळा शिव्या घालायला. विश्राम! अरे ए बहिऱ्या!"

तो चारपाच हातांवर बसलेला होता. त्याने मान वर केली नाही. इंगवल्यांनी हाक मारली, मी हाक मारली. मग रंगभूषा करणाऱ्याने गमतीने, गेले काही दिवस सेटवर रूढ झालेल्या नावाने पुकारले, "नीळूभाऊ!"

"ओ," विश्राम म्हणाला, आणि वर पाहिले.

सगळे हसले. शालनही हसली आणि मूल पुढे करत त्याच्याजवळ गेली. "घ्या, नीळूभाऊ, सांभाळा तुमचे चिरंजीव. रात्रभर झोपू दिलं नाही मला."

विश्रामने मुलाकडे पाहिले. मग शालनकडे पाहिले. अनोळखी स्त्रीसमोर सभ्य माणसाने उठून उभे राहावे तसा तो उठून उभा राहिला, आणि त्या दबक्या, मऊ आवाजात म्हणाला, "ऊन फार आहे, बाई. लेकराला आत घेऊन बसा. कुणाकडे आला आहात?"

शालनला वाटले, थट्टा आहे. तिने त्याच्या दंडावर चापट मारली. त्याने दंड हलकेच सोडवून घेतला आणि उपरणे सावरले. मुलाने बापाकडे झेप घेण्यासाठी हात पसरले होते. ते तसेच पसरलेले राहिले, आणि मग मूल रडू लागले.

"विश्राम, पुरे," शालन म्हणाली. "विश्राम, बघ माझ्याकडं."

मांडवात कोणीही हसत नव्हते. क्षणभराने विश्रामच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओसरले. डोळे चोळत तो म्हणाला, "अगं, तू कधी आलीस?"

इंगवले मात्र खूष होते. "भूमिका अंगात भिनलीय पोराच्या," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "असा नट शंभरात एक."

"त्याला स्वतःचं मूल ओळखता आलं नाही."

"दोन सेकंद! सर, तुम्ही लिहिणारी माणसं फार बाऊ करता."

मी हट्टाने डॉक्टरांना बोलावले. त्यांनी थकवा सांगितला, गोळ्या दिल्या. त्यानंतर दर दिवशी ते ओसरणे उशिरा होऊ लागले. पोशाख उतरवल्यावर परत येणारा विश्राम घरी पोहोचेपर्यंत येईनासा झाला. शालन रोज येऊन मांडवाच्या कडेला बसे आणि काम संपल्यावर त्याला हाताला धरून नेई. तो तिच्याबरोबर जाई, पण पाहुणा जातो तसा. "घरात विचारून पाणी घेतो," ती मला म्हणाली. "माझं नाव शालन आहे हे मी त्याला रोज सांगते, आणि तो रोज म्हणतो, छान नाव आहे."

आणि द्वारकाबाई? त्यांनी खुर्ची पुढे घेतली होती. ज्याला त्या पहिल्या दिवशी 'काय रे बाळा' म्हणाल्या होत्या, त्याच्याशी त्या आता अहोजाहो करू लागल्या होत्या. त्याच्यासाठी डब्यातून सोलकढी येई. एका सकाळी त्या केसांत अबोलीचा वळेसर माळून आल्या. हे पाहून सेटवरच्या मुली कुजबुजल्या. मी तिकडे दुर्लक्ष केले.

*

शेवटच्या गाण्याच्या दिवशी दुपारी दिवे बदलत होते. विश्राम रंगभूषेच्या खोलीत एकटाच होता. मी त्याला सुधारलेला संवाद द्यायला गेलो आणि उंबऱ्यातच थांबलो, कारण आत द्वारकाबाई होत्या. खिडकीतून लख्ख ऊन पडले होते. आरशासमोर तो बसला होता, आणि त्या मागे उभ्या राहून आरशातल्या त्याच्याकडे पाहत होत्या.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "रागवायचं नाही."

"विचार ना गं."

तो 'गं' मी स्पष्ट ऐकला. विश्राम त्यांना आजी म्हणत असे.

"त्या दिवशी निघालात. मग आला का नाहीत?"

त्याने आरशातली नजर खाली घेतली. बोलला तेव्हा आवाज नेहमीसारखाच दबका होता, पण त्यात गाण्यातली मऊ ओल नव्हती. फार दमलेल्या माणसाचा आवाज होता तो.

"दार लागेना गं."

"कुठलं दार?"

"आपलं. बाहेर पडलो, मागं ओढून घेतलं, तर लागेना. लावल्याशिवाय जाता येत नाही. ओढतोय." त्याने आपले दोन्ही तळहात वर करून पाहिले. "अजून ओढतोय. हात भरून आले. तू आतून धरलंयस का?"

द्वारकाबाईंनी खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. भीती त्यात नव्हती. वर्षानुवर्षे एखाद्याला आपण पाणी पाजत होतो असे समजावे, आणि ते पाणी खारे होते हे त्याच्याच तोंडून कळावे, तसा तो चेहरा होता.

बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला. "मास्तर, पळसाची पानं कुठं मिळतील?"

"बाई!"

"विधी करायचा. खरा. ह्यांच्या नावाचा, ह्यांच्या गोत्राचा. तुमच्या इंगवल्यांना सांगा, हवं तर फोटो काढा."

"पण तुमची अट? मी गेले वर्षभर त्या माणसाशी भांडतो आहे. मृत्यूचा पुरावा नाही. बारा वर्षांची मर्यादा ही सोय आहे, सत्य नव्हे. आणि एका आजारी मुलाच्या बरळण्यावरून..."

"तुम्ही माझ्या बाजूनं भांडताय, की माझ्याशी?"



मांडवात शालन मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मूल झोपले होते. ती समोरच्या बंद खोलीकडे पाहत होती, दुसरे काहीही करत नव्हती. द्वारकाबाईंनी मला ती दाखवली.

"ती बसलीय ना, तशी मी बसले," त्या म्हणाल्या. "बाजूला बघायचंसुद्धा नाही, न जाणो तेवढ्यात यायचे. पण माझा गेला होता. तिचा इथं आहे, आणि माझ्यामुळं तिला मिळत नाही."

*

इंगवल्यांना हवा होता तो शेवट, न मागता, हातात आला होता. त्यांनी लगोलग मांडणी ठरवली. नदीच्या वरच्या अंगाला, वर्दळ नसलेल्या काठावर खराच विधी होईल. काठावरच्या लोकांत, पांढऱ्या सदऱ्यात, स्वतःचा पुतळा जळताना पाहणारा नीळकंठ उभा असेल. मी विरोध केला. विश्रामला त्या जागी नेणे मला क्रौर्य वाटत होते. पण द्वारकाबाईच म्हणाल्या, "तो हवाच. तो नसेल तर मी कुणाला सोडू?"

सकाळचे ऊन वर आले होते. वझे गुरुजींनी दर्भावर पुतळा मांडला: पळसाच्या देठांचे हातपाय, पानांचे धड, मस्तकाच्या जागी नारळ. मी त्यांच्याशीही वाद घालून पाहिला होता; चित्रपटासाठी गोत्र खोटे घ्यावे, असे सुचवले होते.

"मग अग्नी कुणाला द्यायचा?" त्यांनी शांतपणे विचारले होते. "पानांना? पानं जाळायला ब्राह्मण लागत नाही."

संकल्प झाला. नीळकंठ तेंडोलकराचे नाव आणि गोत्र त्या मोकळ्या काठावर मोठ्याने उच्चारले गेले. कॅमेरा चालू होता. त्याची बारीक घरघर ऐकू येत होती. विश्राम दहा पावलांवर, नदीकडे पाठ करून उभा होता. त्याच्यामागे शालन, कडेवर मूल.

गुरुजींनी हात थांबवला. "आता आमच्या घराण्याची एक रीत आहे. अग्नी देण्यापूर्वी त्या माणसाला त्याच्या सगळ्यांत जवळच्या माणसानं नावानं हाक मारायची. तीनदा. जिवंत असेल तर त्याला शेवटची संधी. ओ आली, तर विधी मोडला, पुतळा विसर्जन करायचा आणि घरी जायचं. नाही आली, तर अग्नी."

हे आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हते. द्वारकाबाईंनी गुरुजींकडे पाहिले. "नावानं?"

"नावानंच. अहो म्हटलेलं चालत नाही."

त्या पुढे आल्या. ओठ उघडले, पण शब्द निघेना.  शेवटी त्या अगदी हळू, शाळेत पहिल्यांदा धडा वाचणाऱ्या मुलीने म्हणावे तशा म्हणाल्या:

"नीळकंठ."

विश्रामची मान वर झाली.

मी त्याच्या बाजूलाच होतो. त्याच्या गळ्याची घाटी हलली. कोणाला तरी ओळखल्यावर येते तसे हसू त्याच्या डोळ्यांत येऊ लागले होते, आणि ते हसू त्याचे नव्हते. विश्राम हसताना एक भुवई उचलतो.

"विश्राम," मी पुटपुटलो. "विश्राम, ऐक."

त्याने ऐकले नाही.

"नीळकंठ," द्वारकाबाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली. या वेळी आवाज मोठा होता आणि त्यात लाज नव्हती. न उच्चारता काढलेल्या इतक्या वर्षांनंतर ते नाव तोंडात आल्याचे सुख त्या आवाजात इतके उघडे होते, की मी मान खाली घातली.

विश्रामने श्वास भरून घेतला. त्याचे ओठ विलग झाले.

"विश्राम!" शालन किंचाळली. मूल दचकून रडू लागले. तो जागचा हलला नाही; त्याचे डोळे फक्त त्या म्हाताऱ्या बाईवर खिळलेले होते, आणि तिसरी हाक आली की तो उत्तर देणार, याविषयी तिथे कोणालाही शंका उरली नव्हती. उत्तर आले, की अग्नी नाही. उत्तर आले, की नीळकंठ आलेला आणि विश्राम गेलेला.

द्वारकाबाई चालू लागल्या. पुतळ्याला वळसा घालून, कॅमेऱ्याच्या समोरून, त्या सरळ विश्रामपाशी आल्या. चारचौघांत ज्या बाईने कधी नवऱ्याचाही हात धरला नसेल, तिने टाचा उंचावून आपला उजवा तळहात त्याच्या तोंडावर ठेवला. घट्ट दाबून ठेवला. आणि त्याच्या कानाशी ओठ नेऊन, एकाच माणसाला ऐकू जावे अशा आवाजात, तिसऱ्यांदा ते नाव घेतले.

वारा पडलेला होता. नदीचा आवाज नव्हता. विश्रामचे खांदे एकदा थरथरले. त्याच्या मानेवरच्या शिरा, गाण्याच्या उंच जागी फुगाव्यात तशा फुगल्या, आणि हळूहळू खाली बसल्या. मग तो खाली कोसळू लागला. शालनने धावत जाऊन त्याला सावरले.

गुरुजींनी थोडा वेळ वाट पाहिली. "ओ आली का?" त्यांनी रीतीप्रमाणे सर्वांना विचारले.

कोणी काही बोलले नाही. मीही नाही.

"मग अग्नी."

द्वारकाबाईंनी पेटलेला दर्भ डाव्या हातात घेतला. गुरुजी म्हणाले, "बाई, उजवा." त्यांनी मान हलवली आणि डाव्याच हाताने पानांना अग्नी दिला. हिरवी पाने प्रथम धुमसली, मग तडतडली. वाळूत बसलेला विश्राम धुराने ठसकला, डोळे पुसले आणि म्हणाला, "शालन, पोरगं का रडतंय? दे इकडं." तिने मूल त्याच्या मांडीत अक्षरशः टाकले आणि तोंडाला पदर लावला.

इंगवल्यांनी 'कट' म्हटलेच नाही. रीळ संपून कॅमेरा आपोआप थांबला. तो शेवट चित्रपटात तसाच आहे. बाईंची भूमिका कोणत्या नटीने केली, अशी चौकशी अनेकांनी माझ्याकडे केली आहे. आज त्या गोष्टीला तीस वर्षे होत आली. विश्राम पुढे मालिकांतून बापाची, काकाची कामे करू लागला. गाणे लागले की तो उठून बाहेर जातो, एवढेच.

परतताना जीपमध्ये मागच्या बाकावर बाई आणि मी असे दोघेच होतो. त्यांनी नदीवरच कुंकू धुतले होते. कपाळावर त्या जागी बाकीच्या कातडीहून गोरा असा एक गोल दिसत होता. उजव्या हाताची मूठ मांडीवर आवळलेली होती. मला वाटले, हात भाजला असावा.

"बघू," मी म्हणालो.

"भाजला नाही."

नदी मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "ओ दिली त्यांनी, मास्तर."

मी त्यांच्याकडे पाहिले.

"तोंड दाबलं होतं ना, म्हणून तुम्हाला ऐकू आली नाही. माझ्या हातात दिली. गरम."

माझ्या सवयीने मी तत्काळ बोलून गेलो, "मग विधी मोडला, बाई! गुरुजींनी विचारलं तेव्हाच सांगायला हवं होतं. ओ आली तर अग्नी देता येत नाही. नियमच तो!"

"कुणी ऐकली?"

"तुम्ही."

"मी एकटीनं," त्या म्हणाल्या. "दुपारच्या वेळी उंबऱ्याशी पावलं वाजायची, तेव्हाही मीच ऐकायची. दीर, भाऊ, गुरुजी, सगळे मला सांगत आले, बाई, जे तुला एकटीला ऐकू येतं ते धरायचं नसतं. अडतीस वर्षं मी कुणाचं ऐकलं नाही." त्यांनी बाहेर पाहिले. "आज ऐकलं."

 

त्यांच्या घरापाशी जीप थांबली. भर दुपार होती. त्या उतरल्या, उंबरा ओलांडून आत गेल्या. मग ते दार, वर्षानुवर्षे न हललेल्या बिजागऱ्यांवर कुरकुरत, आतून लागले.